सी की पायथन ते नंतर बघू, आधी राधानगरीचा दरवाजा

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: कागल तालुक्यातलं गाव, वाचनालयाची एक खोली, आठवी ते बारावीची वीसेक पोरं, जुने चार कॉम्प्युटर, सहा आठवडे, आणि तुम्ही पुण्याहून शनिवार-रविवार येऊन शिकवणार. प्रश्न दोन आहेत. प्रोग्रामिंगची सुरुवात सी या भाषेनं करू का पायथननं, आणि कॉम्प्युटरचा समाजावर परिणाम यावर शेवटच्या रविवारी एक तास ठेवलाय तो पुरे का. पहिल्याचं उत्तर खाली देते, ते लई मोठं नाही. दुसऱ्याचं आत्ताच देते: तो तास काढून टाका.

रागावू नका. मी २४ वर्षं कोल्हापुरात हेच शिकवतेय, आधी कॉलेजवर आणि मग राजारामपुरीत स्वतःचा क्लास, आणि तो शेवटचा तास मी पण बरीच वर्षं घेतलाय. फळ्यावर उभी रेघ मारायची, एका बाजूला फायदे, वेग, अचूकता वगैरे, दुसऱ्या बाजूला तोटे, बेकारी आणि डोळे खराब होणं, पोरं वहीत उतरवून घ्यायची आणि सरबत पिऊन घरी जायची. अकरा दिवस फक्त मशीन शिकवलं आणि बाराव्या दिवशी आठवलं की अरे माणसं पण आहेत, तर पोरं तेवढंच शिकतात, आधी करून टाकायचं आणि मग माणसांचं बघू. तुमचे दोन प्रश्न वेगळे नाहीतच मुळी. पहिल्या दिवसापासून प्रत्येक उदाहरणाला दोन गोष्टी विचारायच्या, हा नियम कुणी ठरवला, आणि नियमात न बसणाऱ्याचं काय होतं. कॉम्प्युटर सायन्स आणि समाज दोन्ही त्यातच येतात, वेगळं लेक्चर लागत नाही.

आता हे पण खरं की बरंच काही पोरांवर अवलंबून आहे. वीसातल्या पाच-सहांनी बारावीला कॉम्प्युटर सायन्स घेतलेलं असेल आणि डोक्यात प्रॅक्टिकलचे मार्क असतील तर त्यांना बोर्डाच्या सिलॅबसमधलीच भाषा लागणार, त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना वेगळा अर्धा तास द्या. पालकांचं वेगळंच असतं. आपल्याकडं "कॉम्प्युटर झाला का?" म्हणजे एमएस-सीआयटी झालं का, २००१ पासून तो कोर्स आहे आणि नोकरीच्या फॉर्मला सर्टिफिकेट लागतं म्हणून सगळ्यांच्या तोंडात तेच बसलंय. त्यात वाईट काही नाही, पण ते कॉम्प्युटर वापरणं झालं. तुम्ही जे शिकवणार ते म्हणजे एखादं काम अशा पायऱ्यांमध्ये मांडायचं की ज्याला काडीचं काही कळत नाही अशा यंत्रानं ते बिनचूक करावं. हे पहिल्याच दिवशी दारात उभं राहून पालकांना सांगा, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी येऊन विचारतं, मॅडम अजून एक्सेल का नाही घेतलं.

पहिल्या शनिवारी चारही कॉम्प्युटर झाकून ठेवा. खरंच चादर टाका, पोरं चिडतात ते बरं असतं. आणि विचारा की राधानगरी धरणाचे दरवाजे कोण उघडतं. पावसाळ्यात दरवर्षी बातमी असते की सातपैकी चार उघडले, पाच उघडले, त्यामुळे नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, आणि निम्मी पोरं ठामपणे सांगतात की साहेब बटण दाबतो. बटणबिटण काही नाही. ते स्वयंचलित दरवाजे आहेत, पाणी ठराविक पातळीला गेलं की पाण्याच्याच जोरावर दार उघडतं आणि पाणी उतरलं की बंद होतं, ना वीज ना चिप. म्हणजे "असं झालं तर तसं कर" हा नियम लोखंडात आणि पाण्यात पण बांधता येतो, कॉम्प्युटर असायलाच पाहिजे असं नाही. इफ-एल्स शिकवायला मला यापेक्षा चांगलं उदाहरण २४ वर्षांत सापडलं नाही, चहा कसा करायचा त्याच्या पायऱ्या लिहा हा प्रकार तर मी कधीच सोडला, पोरं दुसऱ्या मिनिटाला जांभया देतात.

मग त्याच धाग्यावर आपली पंचगंगा नदी. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी, हे आपल्याकडं पाळण्यातल्या पोराला पण माहीत असतं, २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. पोरांना कागदावर नियम लिहायला लावा, पातळी अमुक असेल तर काय करायचं. पहिल्या फटक्यात सगळी लिहितात "४३ च्या वर असेल तर धोका". मग विचारा, बरोबर ४३ असेल तर? इथं वर्गात शांतता होते. वर आणि "वर किंवा तेवढंच" यातला फरक, ज्यावर तुम्ही-मी नोकरीत अर्धी रात्र डिबगिंग करत, म्हणजे प्रोग्राममधली चूक शोधत बसतो, तो आठवीच्या पोराला इथं कळतो. आणि लगेच दुसरा प्रश्न, ४३ चा आकडा सगळ्या शहराला सारखा लागू पडतो का? नदीकाठच्या सखल सुतारवाड्यातल्या माणसाच्या दारात पाणी आधीच आलेलं असतं, तो ४३ ची वाट बघत बसत नाही. आकडा चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, एक आकडा कुठंतरी ठरवावाच लागतो. पण तो कुणीतरी ठरवलाय, आकाशातनं पडलेला नाही, एवढं पोराच्या डोक्यात शिरलं की त्या दिवसाचं काम झालं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ऊस. तुमच्या भागात तर हे सोन्यासारखं उदाहरण आहे आणि गंमत म्हणजे शब्द पण तयार आहे, तोडणी प्रोग्राम. कारखान्याकडं ऊस नोंद होते, लागणीची तारीख लिहिली जाते, आणि त्या क्रमानं तोड यायची असते. वीस चिठ्ठ्या करा, प्रत्येकीवर शेतकऱ्याचं नाव, उसाचा प्रकार म्हणजे आडसाली का पूर्वहंगामी का सुरू का खोडवा, आणि तारीख. पोरांना सांगा क्रम लावा. आधी प्रकारानं आणि प्रकाराच्या आत तारखेनं, म्हणजे दोन पातळ्यांचं सॉर्टिंग, आणि मी ते नाव शेवटपर्यंत घेत नाही. चार गट करा आणि बघा कोण कसं लावतं. एक गट सगळ्यात जुनी चिठ्ठी शोधून बाजूला ठेवतो, परत शोधतो, परत ठेवतो. दुसरा गट पत्ते लावल्यासारखं एकेक चिठ्ठी जागेवर खुपसतो. एखादं हुशार कार्टं आधी चार ढीग करतं आणि मग ढिगातल्या ढिगात लावतं. तेव्हा सांगायचं की तुम्ही आत्ता जे केलंत त्याला इंजिनिअरिंगच्या पुस्तकात नावं आहेत, आणि मग विचारायचं की वीसच्या ऐवजी वीस हजार चिठ्ठ्या असत्या तर कुणाची पद्धत मेली असती.

हे झालं की कोणतरी म्हणणारच, मॅडम पण असं होत नाही हो, आमची तोड मागं राहिली आणि शेजाऱ्याची आधी गेली. हे ज्या क्षणाला येईल तिथं थांबा, घाई करू नका, माझ्या अनुभवात सगळ्या कोर्समधला सगळ्यात जिवंत अर्धा तास हाच. कारणं पोरांनाच सांगू दे. तोडणीची टोळी आली नाही, रस्ता नाही, टोळीला खुशाली म्हणजे वरचे पैसे दिले नाहीत, तोडीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा चिटबॉय शेजाऱ्याचा पाव्हणा निघाला, नाहीतर नोंदीतली तारीखच मागं ओढलेली. प्रोग्राम कितीही चोख असू दे, आत गेलेली तारीख खोटी असेल तर यादी खोटीच येणार, आडात नाही ते पोहऱ्यात कुठनं येणार. म्हणजे नियम, माहिती आणि नियम राबवणारी माणसं या तीन जागी गडबड होऊ शकते आणि कॉम्प्युटर यातल्या एकाच जागी मदत करतो. कारखान्याचं नाव मात्र वर्गात घ्यायचं नाही हे आधीच ठरवून घ्या, गावात त्यावरनं राजकारण व्हायला वेळ लागत नाही आणि वाचनालयाची खोली जाते.

शोधायची पद्धत, म्हणजे बायनरी सर्च, वाचनालयाच्या सभासद रजिस्टरवर पंधरा मिनिटांत होते. नावं अकारविल्हे असतील तर मधलं पान उघडा, अर्धं टाकून द्या, परत मधलं. हजार नावांत जास्तीत जास्त दहा वेळा, दहा लाख नावांत वीस वेळा. हे वीस ऐकून पोरं विश्वास ठेवत नाहीत, त्यांना दहा लाख वीस वेळा निम्मं करायला लावा. बास.

आता अक्षरं. फळ्यावर "कोल्हापूर" लिहा आणि विचारा किती अक्षरं. सगळी म्हणणार चार, को-ल्हा-पू-र. आता एका कॉम्प्युटरवरची चादर काढा आणि पायथन ३ मध्ये या शब्दाची लांबी विचारा, उत्तर येतं ९. क वेगळा, काना-मात्रा वेगळी, पायमोडका ल म्हणजे ल आणि हलन्त असे दोन, असं करत करत नऊ. आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत ठेवलं तर २७ बाइट (बाइट म्हणजे साठवणीचं माप), एकेकाला तीन. तेच इंग्रजीत लिहिलं तर आठ अक्षरं आणि आठच बाइट. मग बरोबर कोण, आपण का मशीन? दोघंही बरोबर, अक्षर म्हणजे काय हे ज्यानं त्यानं वेगळं ठरवलंय. इथं एसएमएसची गोष्ट सांगा, एका मेसेजला १४० बाइट, त्यात इंग्रजी १६० अक्षरं बसतात आणि मराठीत ७०, म्हणजे आपल्या आजीला मराठीत मेसेज करायचा तर निम्म्याहून कमी जागा. कुणी दुष्टपणा केला नव्हता, पण ज्यांनी आराखडा केला त्यांच्या टेबलावर मराठी नव्हती. आपल्या बॅटमधला ॲ सुटा लिहायचं अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना नंबर देणाऱ्या यादीत, २००८ साली आलं, देवनागरी त्यात १९९१ पासून असून. श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमधनं युनिकोडला मजकूर नेताना डीटीपीवाल्यांचे जे हाल झालेत ते मी जवळनं बघितलेत, गावात एखादा लग्नपत्रिकावाला असेल तर त्याला अर्धा तास बोलवा, तो तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं एन्कोडिंग शिकवेल.

माझी एक चूक पण सांगते, मी दर बॅचला सांगते. सुरुवातीच्या काळात एका दूध संस्थेसाठी दिवाळीला सभासदांना मिळणाऱ्या दुधाच्या दर फरकाची यादी काढायचा छोटा प्रोग्राम मी लिहून दिला होता. यादीत काही नोंदी दोनदा आलेल्या, म्हणून मी हौसेनं एक ओळ घातली की नाव, आडनाव, गाव सारखं असेल तर दुबार समजून एक काढून टाक. आता मला सांगा, आपल्याकडच्या कुठल्या गावात दोन आनंदा पाटील नाहीत? एका आनंदा पाटलाचा फरक गेला. तो माणूस संस्थेत दोन हेलपाटे मारून आला आणि प्रत्येक वेळी त्याला सांगितलं, "कॉम्प्युटरनं काढलंय, आमच्या हातात काय नाही." कॉम्प्युटरनं काढलं नव्हतं हो, मी काढलं होतं, राजारामपुरीत पंख्याखाली बसून. त्याचं नाव गावात वरच्या आळीचा आनंदा असं प्रत्येकाला माहीत होतं, फक्त माझ्या प्रोग्रामला माहीत नव्हतं. पुढच्या महिन्यात पैसे मिळाले त्याला, पण ते वाक्य माझ्या डोक्यातनं गेलं नाही.

यावरनं सभासद नंबर का लागतो, म्हणजे डेटाबेसमधली प्रायमरी की का लागते, हे पोरांना आपोआप पटतं. तिथनं आधारवर जा. देशातला पहिला आधार नंबर आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला, २९ सप्टेंबर २०१० ला. बारा आकड्यातला शेवटचा आकडा फक्त तपासणीचा असतो, आधीच्या अकरांवरनं काढलेला, व्हेरहॉफ नावाच्या डच गणितज्ञाच्या पद्धतीनं, त्यामुळे एखादा आकडा चुकीचा टाइप झाला किंवा शेजारचे दोन उलटेपालटे झाले तर लगेच पकडलं जातं. मोठी पोरं यात रमतात. (पोरांचे खरे आधार नंबर फळ्यावर लिहू नका. मी एकदा लिहायला लावले होते, एका आईनं चांगलं झापलं आणि बरोबरच झापलं.) आणि मग ठरलेला प्रश्न, कोण सुटतं? ऊसतोड करणारा, गवंडीकाम करणारी, ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्यात, रेशन दुकानात अंगठा लागत नाही त्यांचा. मशीन म्हणतं जुळत नाही, आणि समोर तर अख्खा गाव ओळखतो तो माणूस उभा असतो.

तुम्हाला वाटेल गावाकडंच असं होतं. तसं नाही. ब्रिटनमध्ये पोस्ट ऑफिसनं होरायझन नावाची हिशोबाची सिस्टीम बसवली, १९९९ पासून २०१५ पर्यंत छोट्या पोस्ट चालवणाऱ्या लोकांच्या हिशोबात पैसे कमी दिसायला लागले, आणि सिस्टीम चुकू शकत नाही असं धरून ९०० च्या वर माणसांना गुन्हेगार ठरवलं, काही तुरुंगात गेली. चूक सॉफ्टवेअरमध्ये होती. २०२४ साली पार्लमेंटला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. ही गोष्ट आनंदा पाटलाच्या नंतर सांगा, आधी नको. आधी सांगितली तर लांबच्या देशातली बातमी वाटते, नंतर सांगितली की पोरं स्वतःच म्हणतात, तेच की ओ मॅडम.

एआय बद्दल विचारणारच, मोबाईलवर सगळी वापरतात. त्याच्या खोलात सहा आठवड्यांत जाता येणार नाही, पण गूळ घेऊन एक प्रयोग होतो. बाजारातनं पिवळाधमक आणि काळसर असे आठ-दहा तुकडे आणा, प्रत्येकावर भाव लिहा, आणि एका गटाला सांगा, भाव बघून चांगल्या गुळाचा नियम शोधा. गट सांगतो, पिवळा तो चांगला. मग सांगा की पिवळा रंग यावा म्हणून हायड्रोस नावाचं केमिकल घालतात, आणि काही न घालता केलेला गूळ बहुतेक वेळा काळसरच येतो. मशीन लर्निंग जे करतं ते साधारण हेच, आधीच्या उदाहरणांवरनं नियम ओढून काढायचा, आणि उदाहरणांमध्ये बाजाराची आवड भरलेली असेल तर मशीन ती आवड शहाणपण म्हणून शिकतं. प्रयोग संपल्यावर गूळ उरत नाही हे वेगळं सांगायला नको.

इतिहासाचं म्हणाल तर पहिली पिढी व्हॅक्यूम ट्यूब, दुसरी पिढी ट्रान्झिस्टर हे अजिबात नको, त्यानं आजपर्यंत कुणाचं भलं झालेलं मला तरी माहीत नाही. दोन-तीन गोष्टी मध्येमध्ये पेरा. अल्गोरिदम, म्हणजे काम करायच्या ठरलेल्या पायऱ्या, हा शब्द नवव्या शतकातल्या बगदादच्या अल-ख्वारिझ्मी या गणितज्ञाच्या नावावरनं आला, ज्यानं आपल्याकडचे अंक वापरून हिशोब कसा करायचा ते लिहिलं. एडा लव्हलेसनं १८४३ साली, म्हणजे कॉम्प्युटर अस्तित्वातच नसताना, बॅबेज या गणितज्ञाच्या कागदावरच्या मशीनसाठी पायऱ्या लिहून ठेवल्या. ॲलन ट्युरिंग या ब्रिटिश गणितज्ञानं १९३६ मध्ये दाखवून दिलं की काही प्रश्न कुठलंच मशीन कधीच सोडवू शकणार नाही, हे ऐकून बारावीची पोरं हमखास वाद घालतात, घालू द्या. आणि आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक नावाचा कॉम्प्युटर १९६० मध्ये चालू झाला, देशात बनवलेला, हे माहीतच नसतं कुणाला.

आता भाषा. पायथन घ्या. सी वाईट नाही, मी स्वतः सी वर वाढले, पण माझ्या पहिल्या बॅचला सी नं सुरुवात केली आणि तिसऱ्या आठवड्यात निम्मी खोली रिकामी, कारण ओळीच्या शेवटचा अर्धविराम कुठं राहिला ते शोधण्यातच तास जायचा. पायथनमध्ये मराठी मजकूर सरळ चालतो, नियम जवळजवळ कागदावर लिहिला तसाच लिहिता येतो, आणि जुन्या मशीनवर पण पळतं. चौथ्या दिवसाच्या आधी मात्र टायपिंग नको. चार कॉम्प्युटरना वीस पोरं म्हणजे एकावर पाच, त्यात एक टाइप करणार, एक तोंडानं सांगणार, बाकीची तिघं कागदावर प्रोग्राम चालवून उत्तर आधीच सांगणार, दर दहा मिनिटांनी बदल. टाइप करणारा मुलगाच आणि सांगणारी मुलगी असं होतं आपोआप, तिकडं लक्ष ठेवा. लाइट गेली तरी तिघांचं काम चालू राहतं.

म्हणजे पहिले तीन दिवस कागद-चिठ्ठ्या-फळा, मग पायथन, आणि आधी कागदावर केलेलंच परत मशीनवर, पूर, तोडणी, रजिस्टर, याच क्रमानं.

आणि शेवटच्या रविवारचा जो तास मी काढायला लावला त्या वेळात पोरांना गावात पाठवा. दोघा-दोघांची जोडी, दूध डेअरी, रेशन दुकान, सेवा सोसायटी, जिथं जिथं मशीन आहे तिथं, फक्त पीठ गिरणी सोडून. विचारायचं एकच, मशीन बंद पडलं किंवा नाही म्हणालं तर तुम्ही काय करता. मागच्या वर्षी एका मुलीनं डेअरीतनं उत्तर आणलं की दुधाचं फॅट मोजायचं मशीन बंद असलं की दूध घालणाऱ्याची कालचीच फॅट धरतात. वर्गात पाऊण तास भांडण. एक म्हणतोय हे बरोबर, दुसरा म्हणतोय कालच मुद्दाम चांगलं दूध घातलं असेल तर, तिसरी म्हणतेय आठवड्याची सरासरी काढा, आणि जिच्या घरची म्हैस आदल्याच दिवशी व्यालेली ती म्हणतेय आमचं काय, आमची कालची फॅटच नाही. मी फक्त खडू घेऊन उभी होते.

चार कॉम्प्युटरपैकी एखादा दगा देणारच. माझ्याकडं एक जुना सीपीयू पडून आहे, चालू आहे, लागला तर मेसेज करा आणि शनिवारी येताना घेऊन जा. मॉनिटर मात्र तुमचा तुम्ही बघा.